विश्लेषण : जेन ऑस्टेन यांच्या कादंबऱ्यांचे ‘पुढचे भाग’ दोनशे वर्षांनंतरही का लिहिले जातात?

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च्या शेवटी एलिझाबेथ आणि डार्सी यांचे लग्न होते आणि कादंबरी संपते. पण वाचकांचे कुतूहल तिथे संपत नाही. पेम्बर्लीच्या वाड्यात त्यांचा संसार कसा झाला, मागे राहिलेल्या बहिणींचे काय झाले, या प्रश्नांवर आजवर शेकडो कादंबऱ्या निघाल्या आहेत. हौशी वाचकांनी लिहिलेल्या कथांची तर गणतीच नाही. गाजलेल्या साहित्यकृतीतील पात्रे घेऊन वाचकांनीच रचलेल्या अशा कथांना ‘फॅन फिक्शन’ म्हणतात. हा प्रकार इंटरनेटच्या काळातला वाटतो. जेन ऑस्टेन यांच्या बाबतीत मात्र त्याची सुरुवात त्यांच्या स्वतःच्या घरात झाली होती.

जेन ऑस्टेन कोण होत्या?

जेन ऑस्टेन यांचा जन्म १६ डिसेंबर १७७५ रोजी इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यातल्या स्टीव्हन्टन या खेड्यात झाला. वडील जॉर्ज ऑस्टेन हे तिथल्या चर्चचे धर्मगुरू. आठ भावंडांत जेन सातव्या. सहा भाऊ आणि कॅसँड्रा ही एकच बहीण. घरात पैसा बेताचा, पण पुस्तके भरपूर. उत्पन्नाला हातभार म्हणून वडील घरीच विद्यार्थी ठेवून त्यांना शिकवत. जेन यांचे शाळेतले शिक्षण अकराव्या वर्षाच्या आसपास थांबले. त्यानंतर वडिलांचा ग्रंथसंग्रह हीच त्यांची शाळा झाली.

त्या अविवाहित राहिल्या आणि वयाच्या ४१व्या वर्षी वारल्या. सहा पूर्ण कादंबऱ्या, काही अपुरी हस्तलिखिते आणि सुमारे १६० पत्रे एवढेच त्यांचे लेखन आज हाती आहे. बाकीची बरीचशी पत्रे कॅसँड्रा यांनी म्हातारपणी जाळून टाकली.

लेखनाची सुरुवात कशी झाली?

दुसऱ्यांच्या पुस्तकांची थट्टा करण्यातून. अकरा-बारा वर्षांच्या असल्यापासून त्या घरच्यांना हसवण्यासाठी लिहीत. हे लेखन त्यांनी पुढे तीन वह्यांत उतरवून काढले. त्या काळच्या भावुक कादंबऱ्यांतील नायिका ऊठसूट मूर्च्छित पडत. चौदाव्या वर्षी लिहिलेल्या एका कथेत ऑस्टेन यांनी अशा नायिकांची यथेच्छ टिंगल केली. सोळाव्या वर्षात त्यांनी इंग्लंडचा एक विनोदी इतिहास लिहिला. शाळकरी मुलांच्या माथी मारल्या जाणाऱ्या इतिहासाच्या पुस्तकांचे ते विडंबन होते. त्यातील राजाराण्यांची चित्रे कॅसँड्रा यांनी काढली.

सॅम्युअल रिचर्डसन यांची ‘सर चार्ल्स ग्रँडिसन’ ही सात खंडांची कादंबरी त्यांच्या खास आवडीची. त्या कादंबरीवर बेतलेले एक छोटे नाटुकले ऑस्टेन यांच्या हस्ताक्षरात उपलब्ध आहे. आवडत्या पुस्तकातली पात्रे घेऊन घरगुती करमणुकीसाठी केलेले हे लेखन आजच्या व्याख्येत फॅन फिक्शनच ठरेल.

पहिले पुस्तक छापून यायला इतका उशीर का झाला?

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चा पहिला खर्डा वेगळ्या नावाने ऑगस्ट १७९७ मध्येच तयार होता. तेव्हा त्या २१ वर्षांच्या होत्या. वडिलांनी लंडनच्या एका प्रकाशकाला पत्र लिहिले. उलट टपाली नकार आला. १८०३ मध्ये दुसऱ्या एका प्रकाशकाने त्यांची ‘सुझन’ नावाची कादंबरी १० पौंडांना विकत घेतली, पण छापली नाही. सहा वर्षे वाट पाहून ऑस्टेन यांनी टोपणनावाने विचारणा केली. त्यावर, हवे असेल तर तेवढेच पैसे भरून हस्तलिखित परत न्या, असे उत्तर आले. तेव्हा १० पौंडही हाताशी नव्हते. हीच कादंबरी पुढे ‘नॉर्थँगर ॲबी’ नावाने आली.

मधल्या काळात घरची घडी मोडली होती. १८०१ मध्ये वडिलांनी स्टीव्हन्टनचे घर सोडून बाथ शहरात बिऱ्हाड हलवले. डिसेंबर १८०२ मध्ये हॅरिस बिग-विदर या मोठ्या मालमत्तेच्या वारसाने लग्नाची मागणी घातली. ऑस्टेन यांनी संध्याकाळी होकार दिला आणि रात्र उलटताच तो मागे घेतला. सत्ताविशीला टेकलेल्या, हुंडा नसलेल्या मुलीने असे स्थळ नाकारणे म्हणजे आयुष्यभर भावांच्या आधाराने राहायची तयारी ठेवणे. जानेवारी १८०५ मध्ये वडील गेले. आई आणि दोन्ही बहिणी खरोखरच भावांनी काढून दिलेल्या रकमांवर राहू लागल्या. त्या काळात सुरू केलेली ‘द वॉटसन्स’ ही कादंबरी ऑस्टेन यांनी अर्ध्यावर सोडली. आजारी धर्मगुरू बाप आणि लग्नाची वाट पाहणाऱ्या गरीब मुली हाच तिचा विषय होता.

१८०९ मध्ये एडवर्ड या भावाने आपल्या जमीनदारीतले चॉटन गावचे घर त्यांना राहायला दिले. एडवर्ड यांना श्रीमंत नातेवाइकांनी दत्तक घेतले होते. घर मिळाले आणि लेखन पुन्हा सुरू झाले.

सर्वांत गाजलेल्या कादंबरीचे किती पैसे मिळाले?

फक्त ११० पौंड. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ ऑक्टोबर १८११ मध्ये प्रसिद्ध झाली. लेखकाच्या नावाच्या जागी फक्त एका स्त्रीने लिहिलेली, एवढाच उल्लेख होता. तोटा झाला तर तो लेखिकेने भरायचा, अशा अटीवर ती छापली गेली. तोटा झाला नाही. पहिल्या आवृत्तीने ऑस्टेन यांना १४० पौंड मिळवून दिले.

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च्या वेळी मात्र त्यांनी धोका टाळला आणि सगळे हक्क थॉमस एगर्टन या प्रकाशकाला विकून टाकले. मागितले १५०, मिळाले ११०. जानेवारी १८१३ मध्ये पुस्तक आले आणि खपले. त्याच वर्षी दुसरी आवृत्ती निघाली, १८१७ मध्ये तिसरी. त्यातून लेखिकेला काही मिळाले नाही. या व्यवहारातून त्या धडा शिकल्या. ‘एमा’च्या वेळी जॉन मरे या प्रकाशकाने ४५० पौंड देऊ केले, पण त्यात ‘एमा’सह आधीच्या दोन कादंबऱ्यांचेही हक्क मागितले. ऑस्टेन यांनी नकार दिला. दुर्दैवाने ‘मॅन्सफिल्ड पार्क’च्या दुसऱ्या आवृत्तीत आलेला तोटा ‘एमा’च्या नफ्यातून वळता झाला आणि ‘एमा’बद्दल त्यांना हयातीत ३९ पौंडांहूनही कमी रक्कम मिळाली.

हयातीत त्यांच्या एकाही पुस्तकावर त्यांचे नाव छापले गेले नाही. विंचेस्टर कॅथेड्रलमधील समाधीच्या शिळेवर त्यांच्या गुणांचे वर्णन आहे, कादंबऱ्यांचा उल्लेख नाही. २०१७ मध्ये, मृत्यूला दोनशे वर्षे झाली तेव्हा, बँक ऑफ इंग्लंडने त्यांचे चित्र नोटेवर आणले. ती नोट १० पौंडांची आहे.

पात्रांचे पुढे काय झाले, हे ऑस्टेन यांनी सांगितले होते का?

छापील पुस्तकात नाही, पण घरात सांगितले होते. भाचा जेम्स एडवर्ड ऑस्टेन-ली यांनी १८६९ च्या अखेरीस आपल्या या आत्याचे चरित्र प्रसिद्ध केले. भाचरांनी विचारले की जेन आत्या पात्रांची पुढची हकीकत सांगत, असे त्यात नोंदले आहे. त्यानुसार बेनेट बहिणींपैकी किटीचे लग्न पेम्बर्लीजवळच्या एका धर्मगुरूशी झाले. पुस्तकी मेरीला मावशीच्या यजमानांच्या कचेरीतल्या कारकुनावर समाधान मानावे लागले, पण मेरिटन गावात ती विदुषी म्हणून मिरवत राहिली. ‘एमा’तील चिरकिरे वडील, मिस्टर वुडहाउस, लेकीच्या लग्नानंतर दोन वर्षे जगले आणि तोवर लेक-जावयाला आपल्याच घरी राहावे लागले.

मे १८१३ मधली एक गोष्ट याहून मजेदार आहे. ऑस्टेन लंडनमध्ये एक चित्रप्रदर्शन पाहायला गेल्या होत्या. तिथल्या एका तसबिरीतली स्त्री त्यांना हुबेहूब जेन बेनेट वाटली. लग्नानंतर ती हिरवा रंग पसंत करते, हेही त्यांनी ठरवून टाकले. मग त्या एलिझाबेथची तसबीर शोधू लागल्या. ती पिवळ्या पोशाखात असेल, असा त्यांचा अंदाज होता. तसबीर मिळाली नाही, तेव्हा बायकोचे चित्र चारचौघांत टांगणे डार्सीला रुचले नसणार, असा तर्क त्यांनी कॅसँड्राला पत्रातून कळवला. कादंबरी छापून चार महिने झाले होते आणि लेखिका मनातल्या मनात पुढचा भाग रचत होती.

मात्र बाहेरच्यांच्या सूचना त्यांना चालत नसत. राजपुत्राच्या ग्रंथपालाने एका राजघराण्यावर ऐतिहासिक प्रेमकथा लिहिण्याचा आग्रह धरला. त्यांनी नम्रपणे नकार दिला आणि लोकांनी केलेल्या अशा सगळ्या सूचना एकत्र गुंफून एका अशक्य कादंबरीचा विनोदी आराखडा लिहून काढला.

पहिला ‘पुढचा भाग’ कोणी लिहिला?

जानेवारी १८१७ मध्ये ऑस्टेन यांनी समुद्रकाठच्या नव्या पर्यटनस्थळावर ‘सँडिटन’ ही कादंबरी सुरू केली. आजार बळावला आणि बाराव्या प्रकरणात, १८ मार्चला लेखणी थांबली. १८ जुलैला त्या विंचेस्टर येथे वारल्या. अशा रीतीने दोन अपुऱ्या कादंबऱ्या घरात राहिल्या.

त्यातली ‘द वॉटसन्स’ पुरी करायला घेतली ती कॅथरीन हबॅक या भाचीने. त्या फ्रान्सिस या नौदलातल्या भावाच्या कन्या. त्यांचा जन्म १८१८ चा, म्हणजे आत्याच्या मृत्यूनंतरचा. नवऱ्याला मानसिक आजार जडल्यावर संसार चालवण्यासाठी त्यांनी लेखन हाती घेतले. १८५० मध्ये आलेली ‘द यंगर सिस्टर’ ही त्यांची पहिली कादंबरी. आत्याच्या अपुऱ्या कथेवर त्यांनी ती उभारली. पैशाच्या विवंचनेतल्या मुलींची गोष्ट पैशाच्या विवंचनेतल्या भाचीनेच पूर्ण केली.

‘सँडिटन’ पुढे नेण्याचा प्रयत्न ॲना लेफ्रॉय या दुसऱ्या भाचीने केला, पण तोही अपुरा राहिला. ॲना तरुण असताना कादंबरी लिहीत होत्या आणि मजकूर आत्याला तपासायला पाठवत. ऑस्टेन त्यातली गावांमधली अंतरेदेखील दुरुस्त करत. पात्रे आयर्लंडला गेली तरी तू त्यांच्यामागे जाऊ नकोस, तिथल्या रीतीभाती तुला ठाऊक नाहीत, असा त्यांचा सल्ला होता.

कुटुंबाबाहेरचा पहिला गाजलेला प्रयत्न १९१३ चा. सिबिल ब्रिंटन यांनी ‘ओल्ड फ्रेंड्स अँड न्यू फॅन्सीज’मध्ये सहाही कादंबऱ्यांतील पात्रांची एकमेकांशी गाठ घालून दिली आणि नवी लग्ने जुळवली. आजच्या भाषेत त्याला ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात.

मग ही लाट केव्हा आली?

१९९५ पासून. त्या वर्षी बीबीसीने ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ची सहा भागांची मालिका दाखवली आणि कॉलिन फर्थ यांचा डार्सी घराघरांत पोहोचला. त्याच सुमारास इंटरनेट आले आणि विखुरलेल्या चाहत्यांना एकमेकांचे लेखन वाचायची सोय झाली. ‘एमा’वर बेतलेला, अमेरिकेतल्या शाळेत घडणारा ‘क्लूलेस’ हा चित्रपटही १९९५ चाच. १९९६ मध्ये हेलन फील्डिंग यांची ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’ आली. त्यातल्या नायकाचे आडनावही डार्सी आणि २००१ च्या चित्रपटात ती भूमिकाही फर्थ यांचीच.

२००९ मध्ये सेथ ग्रॅहम-स्मिथ यांनी मूळ मजकुरात चक्क झोंबी घुसवले आणि मुखपृष्ठावर सहलेखिका म्हणून ऑस्टेन यांचे नाव टाकले. २०११ मध्ये रहस्यकथांच्या ज्येष्ठ लेखिका पी. डी. जेम्स यांनी वयाच्या ९१व्या वर्षी ‘डेथ कम्स टू पेम्बर्ली’ लिहून डार्सींच्या बंगल्यालगतच्या रानात खून घडवला. २०१९ मध्ये ‘सँडिटन’ची मालिका झाली. मूळ लेखन तिच्या सुरुवातीलाच संपते, पुढचे सारे नव्याने रचलेले.

भारतीय उपखंडात ही कथानके का रुजली?

आपल्याकडे स्थळ पाहणे, हुंडा, घराण्याची प्रतिष्ठा, मुलींच्या लग्नाच्या काळजीने हवालदिल झालेली आई हे सगळे ओळखीचे आहे. दूरदर्शनने १९८५ मध्येच ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’वर ‘तृष्णा’ ही मालिका दाखवली. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’वरून २००० मध्ये ‘कंडुकोंडेन कंडुकोंडेन’ हा तमिळ चित्रपट आला. गुरिंदर चढ्ढा यांनी २००४ मध्ये बेनेट कुटुंब अमृतसरला आणले आणि ‘आयेशा’ने २०१० मध्ये एमाला दिल्लीत. महेश राव यांची ‘पोलाइट सोसायटी’ ही २०१८ ची कादंबरीही दिल्लीतल्या एमाची. सोनिया कमाल यांनी २०१९ मध्ये ‘अनमॅरिजेबल’मध्ये बेनेट बहिणींना पाकिस्तानात वाढवले.

असे लेखन कोणीही करू शकते का?

ऑस्टेन यांच्या बाबतीत हो. त्या काळच्या ब्रिटिश कायद्यानुसार त्यांच्या कादंबऱ्यांवरील हक्क १८४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत संपले. त्यामुळे कोणाची परवानगी लागत नाही, कोणाला मानधन द्यावे लागत नाही.

हक्क शाबूत असतील तर गोष्ट वेगळी. ‘गॉन विथ द विंड’च्या लेखिका मार्गारेट मिचेल १९४९ मध्ये वारल्या. १९९१ मधला ‘स्कार्लेट’ हा पुढचा भाग वारसांच्या संमतीने निघाला. पण २००१ मध्ये ॲलिस रँडल यांनी तीच कथा एका गुलाम स्त्रीच्या नजरेतून सांगितली, तेव्हा वारसांनी न्यायालय गाठले. खालच्या न्यायालयाने पुस्तक रोखले, वरच्या न्यायालयाने ती बंदी उठवली आणि २००२ मध्ये तडजोड झाली.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइट टिकतो. मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ही मुदत मोजली जाते. त्यामुळे अलीकडच्या काळात निवर्तलेल्या लेखकाच्या कादंबरीचा पुढचा भाग लिहून विकायचा असेल, तर आधी वारसांची परवानगी घेणे श्रेयस्कर.

चांगला ‘पुढचा भाग’ कशाला म्हणावे?

बहुतेक लेखन डार्सी आणि एलिझाबेथ यांच्या शृंगारातच रमते. विरंगुळा म्हणून त्यात गैर काही नाही. पण ऑस्टेन यांच्या कादंबऱ्यांत प्रेमाच्या जोडीला नेहमी आकडे असतात. डार्सीचे वार्षिक उत्पन्न १० हजार पौंड आहे, हे तो बोलायच्या आधी गावाला कळते. बेनेटांची दोन हजारांची मालमत्ता मुलींना मिळणार नाही, ती दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे जाणार आहे. पैसा नसलेल्या बाईने जगायचे कसे, हा प्रश्न ऑस्टेन यांच्या स्वतःच्या आयुष्यातला होता. तो प्रश्न विसरला की पुढच्या भागात नुसती पोशाखांची चढाओढ उरते.

जो बेकर यांची ‘लाँगबोर्न’ (२०१३) म्हणूनच वेगळी ठरते. मूळ कादंबरीत नृत्यसमारंभापूर्वी सतत पाऊस पडतो, मुली बाहेर पडू शकत नाहीत आणि बुटांवर लावायची रेशमी फुले दुसऱ्या कोणाकडून तरी मागवली जातात. पावसात गेले कोण? ऑस्टेन सांगत नाहीत. बेकर यांनी त्या घरातल्या सारा या मोलकरणीला नायिका केले. एलिझाबेथ चिखल तुडवत तीन मैल चालते, हे वाचकांना मोहक वाटते. सारासाठी ते चिखलाने भरलेले परकर धुण्याचे काम आहे. जॅनिस हॅडलो यांनी ‘द अदर बेनेट सिस्टर’मध्ये (२०२०) कायम हसण्यावारी नेलेल्या मेरीला केंद्रस्थानी आणले. शार्लट ब्राँटी यांच्या ‘जेन एअर’मधील माळ्यावर कोंडलेल्या पत्नीला जीन ऱ्हीस यांनी १९६६ मध्ये स्वतःची कहाणी दिली, तीही याच वाटेने. कर्णाला नायक करणारी ‘मृत्युंजय’ वाचलेल्या मराठी वाचकांना ही वाट नवी नाही.

वाचायला सुरुवात कुठून करावी?

आधी मूळ कादंबरी. हक्क संपलेले असल्याने सहाही इंग्रजी कादंबऱ्या ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’वर मोफत मिळतात आणि मोबाइलवर वाचता येतात. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ वाचून झाली की लगेच ‘लाँगबोर्न’ घ्यावी. दोन्हींतले प्रसंग तेच असल्याने कोणी काय पाहिले आणि कोणी काय सोसले, ते शेजारी ठेवून वाचता येते. रहस्यकथा आवडत असतील तर ‘डेथ कम्स टू पेम्बर्ली’. निव्वळ गंमत हवी असेल तर ‘ब्रिजेट जोन्स’. आणि ऑस्टेन यांचा पोरवयातला खट्याळपणा पाहायचा असेल, तर इंग्लंडचा तो विनोदी इतिहास तासाभरात वाचून होतो.